उजवं कोपर

फडके हौदापाशी, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर
डॉक्टर शमा तांबोळींनी शर्ट काढायला सांगितला.
डावी बाही निघाली. उजवी त्यांनीच सोडवली.
सत्तावीस वर्षं तांबट आळीत घंगाळं मठारतोय,
मान त्याच एका कोनात, भांड्याच्या पोटात बघत.

"मान मागे. आता उजवीकडे झुकवा."
टाळूवर तळवा ठेवून त्यांनी हलकेच दाबलं
आणि खांद्याच्या फळीतून, दंडाच्या मागून,
थेट मधल्या बोटाच्या नखापर्यंत
कुणी तापलेली तार ओढली.
तोंडून शिवी गेली.
"सॉरी," त्या म्हणाल्या, "पण हेच बघायचं होतं."

मग एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागे,
नुकती कल्हई केलेलं पातेलं उचलावं
तसं डोकं वर घेतलं. सूतभर.
तेवढ्या सूतभरात
तीन आठवड्यांचं चुरचुरणं थांबलं.
सोडू नका, म्हणणार होतो.
त्यांनी सोडलं.

कापूस. अंगठ्याला कळला, करंगळीला कळला.
मधल्या बोटाला लावा की.
"लावलाय कधीचा."

ड्रॉवरमधून हातोडी निघाली, रबराची.
मला हसू आलं. हिनं पत्र्याला पोचा तरी पडेल का!
डावं कोपर: टक्, आणि हात उडाला.
उजवं: काही नाही.
"दात आवळून धरा." पुन्हा. काही नाही.
भांडं कुठं पिचलंय ते मी डोळे मिटून सांगतो,
तिथं बद्द वाजतं.
हे तर बद्दसुद्धा वाजेना.
जरा वरच्या अंगाला मारून बघा, म्हटलं.
त्यांनी मारलं, बहुतेक माझ्या समाधानासाठी.

"झोपता कसे?"
सांगायची लाज वाटली. हात डोक्यावर ठेवून.
शोभना रोज रात्री तो खाली काढते,
दिवाळं निघाल्यासारखं काय, म्हणते, अशुभ असतं.
डॉक्टरांनी माझा हात उचलून डोक्यावर ठेवला.
"आता?"
आता कमी.
"हीसुद्धा तपासणीच," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या,
"तुम्ही घरीच करून आलात."
मानेत शीर दबलीये. सहा आठवडे हातोडा बंद,
मग बघू.

खाली आलो. आळीतून ठोके येत होते.
हा मुकुंदाचा हात, हा लांजेकरांच्या धाकट्याचा,
घाई करतो, कड पातळ होणार त्याची.
अमृततुल्यच्या बाकड्यावर बसलो, हात डोक्यावर.
"काय हो निजामपूरकर," चहावाला गाळणं धरून थबकला,
"कुणी गेलं का?"
नाही रे. बरं वाटतंय.