उलटा शॉट

लिंगराज म्हेत्रे लग्नाचे व्हिडिओ काढायचा.
त्याला कुणी तरी ग्रीकांची एक जुनी गोष्ट सांगितली,
लढाई संपवून घरी निघालेला राजा
आणि वाटेतच गेलेली त्याची दहा वर्षं.
"काय बे, ही तर आपल्या भिवंडीला गेलेल्यांची गोष्ट,"
लिंगराज म्हणाला, "फक्त हसवायला पाहिजे."

मग राजाचा झाला यंत्रमागाचा जॉबर,
समुद्राची झाली रेल्वे.
कल्याणला त्याचं पाकीट गेलं, दौंडला चप्पल,
कुर्डुवाडीला डोळा लागला
आणि गाडी सोलापूर ओलांडून त्याला
थेट वाडी जंक्शनला घेऊन गेली.
एक डोळ्याचा राक्षस परवडेना,
म्हणून एक हेडलाइट गेलेला ट्रक,
होटगी रोडला, रात्री दीड वाजता.
भुलवणाऱ्या गाणाऱ्या बायका म्हणजे गड्ड्यातला ऑर्केस्ट्रा.
हीरोनं कानात कापूस कोंबला, सुतगिरणीचा, एक नंबर,
तरी पाय आपले ठेका धरतच होते.

मी थर्माकोल धरायचो. वय तेरा.
ऊन वळवून लोकांच्या तोंडावर टाकायचं,
पगार एक प्लेट भजी.

वीस वर्षांनी धन्याला ओळखणारं कुत्रं
हीरोकडे ढुंकून बघेना.
ते पळत गेलं चहावाल्या इरप्पाकडे,
त्याच्या खिशात खारी होती.
लिंगराज म्हणाला, असू दे. खरं तर हेच आहे.

राहिली राणी.
दिवसा विणणारी, रात्री तेच उसवणारी,
दारात बसलेल्या नवरदेवांना झुलवत ठेवणारी.
राणी झाली माझी पिन्नी, सत्तव्वा,
कारण दत्तनगरात हातमाग आता तिच्याकडेच उरला होता
आणि तिला जेवणाशिवाय काही द्यावं लागत नव्हतं.

विणायचा सीन एका दमात.
पावडी, धोटा, खटका, पावडी, धोटा, खटका,
कॅमेऱ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.
मग लिंगराज म्हणाला, आता उसव.
"काय?"
"उसव, पिन्नी. गोष्टीत तसं आहे."
"नगावर पैसे मिळतात. उसवलेल्याचे तुझा राजा देणार का?
आणि उसवायचंच होतं तर बाई विणत कशाला बसली,
सरळ नाही म्हणायचं ना त्या मेल्यांना."
दोन तास समजूत घातली. चहा झाला, पान झालं.
शेवटी पिन्नीनं पुन्हा धोटा उचलला,
वीतभर आणखी विणलं
आणि म्हणाली, "जा. हेच उलटं लाव."

साखर पेठेतल्या मंगल कार्यालयात
लग्नाच्याच खुर्च्यांवर सगळी बिऱ्हाडं बसली.
ट्रकला हसले, खारीला हसले,
इरप्पा उभा राहून नमस्कार करत सुटला.
मग उलटा शॉट आला.
धागे एकेक करून कापडातून निघाले,
धोटा हातातून सुटायच्या आधीच हातात परत आला,
इवलेइवले खटके आत ओढल्यासारखे वाजले
आणि मागे, उघड्या दारातून दिसणाऱ्या गल्लीत
कोण कुठला एक माणूस, कॅरिअरला पत्र्याची पेटी बांधलेला,
शूटिंगच्या वेळी कुणाच्या लक्षातही न आलेला,
सायकलवरून पाठमोराच
सरकत सरकत
दारापर्यंत आला.

हॉल फुटला. पोरं खुर्चीवर चढली.
सगळ्यात मोठ्यानं पिन्नी हसली,
पदर तोंडात कोंबून, खोकला येईपर्यंत.
बाबाय भिवंडीला गेला तेव्हा मी नव्हतोच जन्मलो,
पेटीचं मात्र ऐकून होतो.

"लिंग्या, तेवढं परत लाव."
त्यानं लावलं. माणूस आला.
"अजून एकदा."
आला.
तिसऱ्यांदा तो दारापासून दहा हातांवर असताना
लाइट गेली.

लोक वीज मंडळाच्या नावानं ओरडत होते.
अंधारात पिन्नीनं माझं मनगट पकडलं
आणि कानाशी येऊन म्हणाली,
"ते काहीही दाखवू दे.
मी सरळच विणलंय, काय?
चादर घरी आहे. सकाळी ये, बघ."