पाऊण डबा

औषधशास्त्रात मला वीसपैकी अठरा.
एक गुण मॅग्नेशियमच्या उताऱ्याने खाल्ला,
एक खाडाखोडीने.
बाकी सगळं तोंडपाठ:
दमा, साखर, फिट,
अंगभर गांधी उठून घसा आवळला तर
मांडीच्या बाहेरच्या अंगाला अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन.
झोपेतून उठवून विचारा.

किटगुमच्या वॉर्डात खरंच उठवलं झोपेतून.
पहाटेचे तीन. वीज दहालाच गेलेली.
लाकोत नावाची बाई, पाठीशी कापडात बांधलेलं पोर.
कोमाकेच. डोळे वर गेलेले, अंग तव्यासारखं.
सिस्टर आबेरने बोट टोचलं,
टॉर्चच्या उजेडात पट्टीवर दोन रेघा उमटल्या.

आर्टेसुनेट, मी म्हणाले. चटकन.
वीस किलोच्या आत किलोमागे तीन मिलिग्रॅम,
पुढे दोन पूर्णांक चार.
सिस्टर म्हणाली, बरं. किती किलो?

प्रश्नपत्रिकेतल्या प्रत्येक मुलाला वजन असतं,
नावाआधी छापलेलं.
आमचा काटा लसीकरणाच्या गाडीतून पाडिबेला गेलेला.
वय विचारलं. तीन, की चार, आई म्हणाली.
वयावरून वजन काढायचं सूत्र आहे माझ्याकडे,
पण सूत्रातली मुलं पोटभर जेवतात.

मग सिस्टरने आचोलीत विचारलं,
पाण्याचा डबा जड की हा?
डबा, लाकोत म्हणाली. भरलेला असेल तर डबा.
किती जड?
तिने डोळे मिटले.
बोअरवेलपासून घरापर्यंतची चढण
मानेतून, खांद्यातून उतरून आली असावी,
कारण तिने हवेतच तो पिवळा डबा धरला
आणि बोट टेकवलं: इथवर.

पाऊण.
वीस लिटरचा पाऊण. पंधरा. पंधरा त्रिक पंचेचाळीस.
तळहातावर गुणाकार करून
मी साडेचार मिली भरायला घेतलं, हात कापत होता,
तर सिस्टर म्हणाली, थांब, पोरी. साखर पाहिलीस?

नव्हती पाहिली.
माझ्या उत्तरपत्रिकेत ती सातव्या ओळीत होती,
सुवाच्य, अधोरेखित.
सिस्टरने पाहिलीही होती, आणि
ग्लुकोजची बाटली तिच्या काखेत केव्हाची.

नंतरचं फार सांगण्यासारखं नाही.
बसून राहिलो. कोंबडे आरवले.
सकाळी कोणत्या तरी क्षणी त्याने आईचं बोट धरलं,
ते मला दिसलंच नाही,
मी नोंदवहीत वेळ लिहीत होते.

चौथ्या दिवशी काटा परत आला.
मी त्याला उभं करायला गेले, तो किंचाळला,
आणि लाकोत जराशी रागावून म्हणाली,
आता कशाला? मी सांगितलं होतं ना.

तरी केलं. चौदा किलो चारशे.
उरलेले सहाशे ग्रॅम
तापात गेले असतील,
किंवा डबाच
कधी काठोकाठ भरत नसेल ती.
चढण आहे तिथे. हिंदकळतं.