मागचं धूसर

समुद्र मी एकदाच पाहिला, अलिबागला, नर्सिंगच्या सहलीत.
पण मे महिन्यात पश्चिमेचा वारा सुटला
की नाथसागरालाही लाटा येतात,
फेसाबरोबर एखादी चप्पल, थर्माकोल, खरबुजाची साल.
मला एवढा किनारा पुरतो.

रविवारी लसीकरण नसतं.
साडेपाचला स्कूटी काढते.
डिकीत पाणी, दोन दशम्या,
आणि पैठणच्या लग्नवाल्या फोटोग्राफरकडून
अठरा हजारांत घेतलेला जुना कॅमेरा.
त्याच्या पट्ट्यावर अजून
कुणाच्या तरी हळदीचा डाग आहे.
वाटेत हमखास कुणीतरी थांबवतं,
"शिस्टर, आज कुणाचं लगीन?"
सुरयांचं, म्हणते मी,
नवरदेव चोचीत मासा घेऊन आलाय.

पाणी हटलं की बुडीत गावाची गढूळ पाठ वर येते.
तिच्यावर सुरया अंडी घालतात,
उघड्यावर, वाळूच्या रंगाची,
म्हणून मी लांब थांबते,
गाळात पालथी, कोपरं टेकून,
आणि शेळ्या राखणारी पोरं हसत राहतात.

त्या दिवशी तो एका काळ्या दगडावर बसला.
पिवळी चोच, काळी टोपी,
शेपटीची दोन टोकं सुईत ओवावीत अशी.
लेन्स मी पूर्ण उघडलेली.
मागचं सगळं विरघळलं, दुधात विरघळतं तसं,
आणि पक्षी एकटा उरला, कोरून काढल्यासारखा.
असा फोटो मला सहा वर्षांत मिळाला नव्हता.

एक प्रत कडूबा भोयाला दिली.
त्याच्याच तराफ्यावरून बेटापर्यंत जाते ना मी.
त्यानं जाळं खाली ठेवलं, हात लुंगीला पुसले,
फोटो उन्हात धरला
आणि अंगठा ठेवला
बरोबर पक्ष्यावर.
बराच वेळ तो अंगठ्याच्या आजूबाजूचं पाहत होता.

"ही डोण हाय आमची."
कुठं?
"हे काळं काळं. पवळ्याला हितंच पाणी पाजायचो.
पाणी आलं तवा बैल नेले, डोण कोण उचलणार?"
मग म्हणाला, "हे जरा साफ कर की.
पोरं मोबाईलवर करतेत तसं."

मी त्याला सांगायला गेले
की लेन्सनं जे घेतलंच नाही
ते नंतर पुसून निघत नाही.
तो मान हलवत होता,
डॉक्टरनं गोळी बदलली की म्हातारी माणसं हलवतात तशी.

पुढच्या रविवारी छिद्र बारीक केलं, जेवढं होईल तेवढं.
उजेड कमी, शटर हळू.
डोण आली. काठावरची टाकीची खूण आली,
कोपऱ्यातला तडा,
तळाशी वीतभर हिरवं पाणी,
पलीकडे पायरीचे तीन दगड आणि विहिरीचा कडा
आणि त्यामागे पाणी, आणि आणखी पाणी.
सुरय नेमका तेव्हाच उडाला.
आडवा पांढरा फराटा, चोच नाही, डोळा नाही.
आमच्या फोटोच्या गटात कुणी त्याला फोटो म्हणणार नाही.

हा मोठा काढून आणला, आठ बाय बाराचा.
कडूबानं डोणीवरून बोट फिरवलं,
तड्याशी थांबला, म्हणाला,
"हा मोठ्या भावानं पाडला. पहार लागली होती."
आणि हसला, पंचेचाळीस वर्षांनी भावावर रागावल्यासारखा.
मग फोटो उलटा केला, सुलटा केला.
"पाखरू कुटं गेलं?"
हे काय, हा फराटा.
"मागचं बरं होतं," तो म्हणाला, "पाखरू मागचंच बरं होतं."

आता दोन्ही फोटो त्याच्या झोपडीत आहेत,
एकाच खिळ्याला, एकावर एक.
कुठला वर असतो
ते त्या दिवशी मासळी कशी मिळाली त्यावर आहे.

जुलैत पाणी चढलं. डोण गेली.
सुरयांची पिल्लं त्याच्या आत उडाली असावीत;
मी पाहिली नाहीत, माझी पोलिओची फेरी होती.