आधी कल्हई, मग बल्ब

वसमतला वजनकाट्याच्या अलीकडं
मुनव्वरची टपरी आहे.
तिथं मी एक शिवी घेऊन गेलो होतो.

शिवी माझी नव्हती.
ट्रॉलीचा लाल दिवा न दिसल्यामुळं
ऐनवेळी मोटरसायकल तुरीत घातलेल्या
एका पोराची होती.
तो उठला, गुडघा चाचपला,
आणि इंजिनाच्या वरताण आवाजात ती दिली.
मी थांबलो नाही. भरल्या उसाला कोण थांबतं?
ती मात्र मागं लटकत आली
थेट कारखान्याच्या रांगेपर्यंत.

"तीन बल्ब बदलले," मी म्हणालो.
"बल्बानं काय घोडं मारलं तुमचं?"
म्हणत त्यानं प्लग नाकासमोर धरला.
सात भोकं. साती हिरवी.
पावसाळाभर गोठ्याच्या मेढीला तोंड वर करून टांगलेला,
युरियाच्या पोत्यांचा घाम प्यालेला.
"ताक असतं, तर पिला असता का हे?"

कळकलेलं.
आईनं पितळी पातेली मोडीत घातली
तेव्हापासून हा शब्द घरात नव्हता.

याचा बाप उस्मानचाचा भाता घेऊन यायचा.
नवसागराचा पांढरा धूर,
कापसाचा बोळा फिरला की भांड्यात चंद्र.
पोरगंही तेच करतं.
भांडी तेवढी बारकी झालीत,
हरभऱ्याचा दाणा मावणार नाही एवढी.

पॉलिश पेपर वातीसारखा वळून
तो एकेका भोकात फिरवत होता.
"इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाबी मिचमिचतो ना?
ही पांढरी वायर बघा. करंटची घरी जायची वाट.
ती बुजली की तो शेजाऱ्याच्या अंगणातून जातो."

काळं पडलेलं तांबं तो कापत गेला,
वीतभर मागं
लाल लागलं, तिथं थांबला.
मग डब्यातून कथलाची कांडी काढली, बापाच्या वेळची.
"आणि नवसागर?"
"छे. भांड्याला ठीक, तारेला खातो. इथं राळ."
एवढंच बोलला बापाबद्दल.

ग्रीस मोहरीएवढं.
सायकलच्या ट्यूबचं टोपडं.
"आता टांगाल तेव्हा तोंड खाली.
आणि दसऱ्याला ट्रॅक्टर धुता, हार घालता,
तेव्हा याच्याकडंबी बघत जावा."
एकशेवीस रुपये घेतले.
वीस मी सुटे नाहीत म्हणून ठेवले होते, तेही.

त्या रात्री तुरीच्या त्या वावराशी ट्रॅक्टर उभा केला.
चाळीस पावलं मागं चालत गेलो.
सोळा वर्षं ही ट्रॉली ओढतोय,
अंधारात तिची पाठ कधी बघितली नव्हती.

दोन लाल दिवे. स्थिर.
मोडलेल्या तुरीला एका बाजूनं शेंगा धरल्या होत्या.
आसपास कोणी नाही असं बघून
ती शिवी मी मोठ्यानं म्हणून पाहिली,
माझं नाव घालून.

चांगली बसली.