तेल वाढू राहिलं

निफाडच्या थंडीत, पहाटे पाचला,
ट्रॅक्टर एका सेल्फात उठतो.
काटा सरळ चारवर.
अर्ध्या तासाने, मागे ब्लोअर लावून
बागेच्या तिसऱ्या ओळीत वळलं
की तो उतरायला लागतो,
तीन, दोन, दीड,
आणि स्लोला सोडलं की
शून्याच्या खुंटीला टेकून थरथरतो.

शेजारी एक लाल दिवा, वायरमनने नंतर बसवलेला.
तोही लागायचा.
मागच्या महिन्यात मी त्यावर
काळी चिकटपट्टी लावली.
डोळ्यांत यायचा म्हणून.
फवारणी रात्रीची, भुरीने पानं पांढरी,
कुठे थांबणार?

ज्याला विचारलं
त्याने तोंडानेच इंजिन उतरवलं.
उगावच्या सोसायटीबाहेर तिघांनी
क्रँक घासला, बेरिंग बदलले,
साठ हजार म्हणाले, आणि चहा माझ्या नावावर टाकला.
नंदुरबारचे मेहुणे फोनवर: मोडीत घाल.
दुकानदाराने जाड तेल सुचवलं.
ते मात्र मी घेतलं नाही, का ते आठवत नाही.

इलाही मिस्त्री पिंपळगावहून लुनावर आला.
पाने-पकडीची पेटी उतरवलीच नाही.
आधी मीटर सोडवलं.
"ह्याच्यावर तरी भरवसा का ठेवायचा?"
स्वतःचं लावलं, पितळेचं, काच तडकलेलं,
आणि बांधावर बसून इंजिन तापायची वाट बघितली.
त्याचाही काटा खाली.
"बरं. तुमचं खोटं नव्हतं बोलत."

मग पट्टी ओढली,
पुसली, घातली, परत ओढली.
तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर.
"कधी टाकलं?"
टाकलंच नाही, म्हटलं. दिवाळीपासून थेंब नाही.
वहीत तेलापुढे शून्य लिहिताना
मला बरंच वाटत होतं:
चाळीस वर्षांचं इंजिन, आणि तेल खात नाही.

"शैलाताई, इंजिन तेल खातं.
कमी खातं, जास्त खातं.
हे वाढू राहिलं."

पट्टी माझ्या नाकाखाली धरली.
डिझेल.
दोन बोटांत चोळून बघितलं,
कच्च्या पाकासारखं, तार धरेना.

फीड पंपात एक रबरी पडदा, पुरीएवढा,
वरून डिझेल, खालून तेल,
मधे कडेला चीर, नखाएवढी.
दर ठोक्याला थोडं थोडं.

पडद्याचे दोनशे ऐंशी.
फिल्टर, सात लिटर तेल.
जुनं तेल त्याने पांढऱ्या फडक्यातून गाळलं
आणि फडकं उन्हात धरलं.
चार-पाच चकाकते कण.
खूप का? मी विचारलं.
"घासलंय थोडं. पातळ तेलावर महिनाभर पळवलंत.
किती घासलं ते आता तेच सांगेल."
पैसे घेताना म्हणाला,
"सकाळी नका बघू काटा, दुपारी बघा.
गार असताना सगळेच चार दाखवतात."

चिकटपट्टी त्याने काढली नाही.
निघताना नुसतं तिकडे बोट केलं.

मी काढली. गोंद राहिला आहे.
चावी फिरवली की दिवा क्षणभर लागतो,
गोंदातून, चहाच्या रंगाचा.
तो विझेपर्यंत
मी क्लच सोडत नाही.