सत्तावीसचा फरक

प्रेस्टनमध्ये जानेवारीत चारलाच दिवे लागतात,
आणि मंगळवारी सहाला, कॉलेजच्या मागच्या इमारतीत
मिसेस ऑर्मरॉड हिशेब शिकवतात.
आम्ही नऊ जण. एक न्हावी, दोन नर्स, गॅरेजवाला टेरी,
आणि मी, फी हप्त्याने भरणारी,
जिला वाटायचं, बेरीज काय, येतेच आपल्याला.

गृहपाठ: स्वतःच्या घराची एका महिन्याची तेरीज.
"दोन्ही बाजू जुळल्याशिवाय झोपू नका," बाई म्हणाल्या,
मग चष्मा पुसत, "किंवा झोपा.
आकडे सकाळी जास्त खरं बोलतात."

आमचं घर म्हणजे दोन खोल्या, एक हीटर
आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
एक तारखेला त्यात मी दीडशे टाकते, हेमांगी दीडशे.
त्यातून दूध, तांदूळ, लाँड्रीची नाणी,
विजेच्या मीटरची किल्ली.
वही माझ्याकडे.
डिसेंबरअखेर वही म्हणाली, शिल्लक एकाहत्तर.
डबा म्हणाला, चव्वेचाळीस.

तीनदा मोजलं. गालिचा उचलून पाहिला.
मग विचारलं, तेही सरळ नाही:
"डब्याला कुणी हात लावला होता का गं?"
जणू घरात दहा माणसं राहतात.

हेमांगी खामगावची. भांडत नाही.
ती फक्त स्वतःचं दूध वेगळं आणू लागली,
बाटलीवर निळ्या पेनाने ‘हे’.
जानेवारीचे पैसे डब्यात कुणीच टाकले नाहीत.
अकरा दिवस.

फरक सापडेना की तो ठेवायला
एक खातं असतं, उचंत.
तात्पुरतं, असं पुस्तकात लिहिलंय.
किती दिवस म्हणजे तात्पुरतं, ते नाही लिहिलेलं.

वर्गात मी आकडा सांगितला.
बाईंनी मान वर केली नाही.
"सत्तावीस? नवाने भाग जातो?
मग पैसे नाही हरवले, पोरी, अंक उलटलेत.
भागाकार तीन. म्हणजे असा आकडा शोध
ज्याच्या दोन अंकांत तीनचं अंतर आहे."

शेवटच्या बसमध्ये, मांडीवर वही.
चौदा, तांदूळ. नाही, एक्केचाळीसचे तांदूळ कोण आणतं?
पंचवीस, डाळी, तेल. पावती चिकटवलेली.
एकोणीस डिसेंबर. मीटर. 36.

रात्रपाळी होती माझी, वृद्धाश्रमात.
फोन खांद्यात धरलेला, हातात मिस्टर हॅलमची सूपची वाटी,
आणि दुकानातून हेमांगी:
"त्रेसष्ट भरले गं, मागची थकबाकी धरून."
त्रे आधी आला, सष्ट नंतर.
आपली भाषा एकं आधी म्हणते, दहं मागून,
आणि मी ऐकलं तसं इंग्रजीत उतरवलं,
तीन, मग सहा.
मराठी शाळेत अशी चूक कधी झाली नव्हती.
छत्तीसचा आकडा म्हणतात तो मीच,
माझ्या अक्षरात, वहीत मांडून ठेवला होता.

खोडायचं नसतं. हाही बाईंचा नियम.
एक सरळ रेघ, खालचं वाचता येईल अशी,
वर बरोबर रक्कम, बाजूला सही.
स्वयंपाकघरात उभ्यानेच केलं ते, कोट न काढता.
मग ताळा घ्यायला डबा उघडला.

एकाहत्तर.

पुन्हा मोजले. तळाशी घडी घातलेली
वीसची नोट, पाचची नोट, दोनचं एक नाणं.
चिठ्ठी नाही.
तिला दुकानात ताशी किती मिळतात, मला माहीत आहे.

आता वही बरोबर, आणि डबा सत्तावीसने जास्त.
ही रक्कम कुठल्या बाजूला लिहितात,
मंगळवारी विचारायला हवं.
पण आज शुक्रवारसुद्धा नाही,
आणि तिच्या दाराखाली उजेड आहे.

मी दारावर टकटक केलं, वही छातीशी.
रेघेच्या वर या वेळी मुद्दाम देवनागरीत लिहिलं होतं, ६३,
दोन अंक, एकमेकांकडे तोंड करून.
बोलायचं काय, ते मात्र
कुठेच लिहिलेलं नव्हतं.