पाठी

होडीत आम्ही आठजणी. एकीच्या मागे एक.
जिला तिला दिसते ती पुढचीची पाठ:
प्रेसिलाच्या झग्याचा सुटत आलेला हूक,
रुबिनाच्या मानेवरचा घामोळ्यांचा पट्टा,
हर्षालीचा अबोलीचा वळेसर,
जो दर रविवारी अर्धा खाडीत पडतो.

सगळ्यांत पुढे मी. माझ्यापुढे नुसतं पाणी.

पहिल्या वर्षी तांडेलही मीच.
कालवं फोडून, मुळे काढून कमावलेले दंड,
आणि आवाज असा, की तळाशीलहून सुटला
तर पलीकडच्या माडांना आपटून परत येईल.
वडा गो, वडा! पेज खावन इल्यात मा?
मी एवढं वल्हं मारलं की होडी तोंड फिरवून
कांदळात घुसली.
गुडघाभर चिखलात उतरून आम्ही ती ढकलत होतो
तेव्हा शर्यत संपल्याचा भोंगा वाजला.

घरी नवऱ्याने विचारलं, काय झालं?
मी त्याला बांगड्याचं तिकलं वाढलं.

दुसऱ्या वर्षी बचत गटाने
सुकाण इंदुमतीच्या हाती दिलं.
साठी उलटलेली, उजवा खांदा उतरलेला,
भावाची पात खाडीच्या मुखाशी उलटली
तेव्हापासून मोजकंच बोलणारी.
ती सगळ्यांत मागे बसली,
जिथून सातही पाठी दिसतात
आणि जिची पाठ कुणालाच दिसत नाही.

पहिल्या दिवशी तिने वल्ही पाण्याला लावूच दिली नाहीत.
होडी सुकतीवर सोडून दिली.
आयका, म्हणाली.
फळीखालचं पाणी ऐकलं, एक खंड्या ऐकला,
मग हळूहळू, कुणाचा श्वास कुठे तुटतो ते.

आता मारा. पण प्रेसिलाच्या दमान.

प्रेसिलाला दमा आहे.
मला राग आला. माझ्या दंडात अर्धं बळ
पानातल्या उष्ट्यासारखं उरत होतं.
ता ऱ्हवांदे, ती मागून म्हणाली,
मुखाकडे लागतला.
मी तर वळूनही पाहिलं नव्हतं.

ती ओरडायची नाही. उघड्या टाचेने फळीवर ठोका.
टक. सात वल्ही.
टक. सात वल्ही.
आषाढात कधीतरी तो ठोका बंद झाला
आणि आमच्या ते लक्षातही आलं नाही.

नारळी पुनवेला मुखाशी पाणी आडवं आलं.
आता गो, एवढंच ती म्हणाली,
आणि मी साठवलेलं सगळं काढलं.
अर्ध्या होडीने हरलो. दुसऱ्या आलो.
बक्षिसाचा कुकर घ्यायला तिला हाका मारल्या,
ती होडीत वाकून
करवंटीने पाणी उपसत होती.

यंदा ती लेकीकडे कुडाळात. खांद्याचं ऑपरेशन.
सुकाण माझ्याकडे.

इथून पाहिलं तर काहीच लपत नाही.
रुबिना रात्रभर झोपलेली नाही.
प्रेसिलाचा हूक आता सेफ्टीपिनेवर आहे.
आणि सगळ्यांत पुढे ती नवी पोर, मिताली,
दात खाऊन ओढते आहे,
होडीचं तोंड कांदळाकडे वळतं आहे.

माझ्या घशात तो जुना आवाज येऊन बसतो.
तो गिळते. टाच उचलते.

टक.

एक वल्हं उशिराच पडला ठोका.